दाराच्या सहा बाजू

“हे पोट्टी दाराशी बोलते, पण माणसाशी नाई बोलत.”

वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. सावंगीला आम्ही बांधत असलेल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये नुकताच ट्रक रिकामा झाला होता. दारांच्या थप्पीपलीकडे दोन सुतार तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते आणि अलीकडे मी वाकून वरच्या दारावर बोटांच्या पेरांनी ठोकत होते. त्यांना मी दिसत नव्हते, फक्त टकटक ऐकू जात असावी.

“ठोकू दे तिले,” दुसरा आवाज म्हणाला. “दार खोटं नाई सांगत. माणसाचं काय घेऊन बसला?”

दोघंही हसले. मी ठोकणं थांबवलं असतं तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून पुढच्या दारावर जरा जोरातच ठोकलं.

पहिला आवाज किसनभाऊंचा आणि दुसरा महादेवराव मिस्त्रींचा. महादेवराव अल्लीपूरचे, साठीच्या घरातले, अंगानं बारीक. कानामागे पेन्सिल आणि शर्टाच्या खिशात दोन रुपयांचं एक जुनं नाणं. बसचं तिकीट काढताना सुटे कमी पडले तरी ते नाणं ते द्यायचे नाहीत. त्याचं कारण पुढे सांगते.

मी वर्ध्यातल्या एका बांधकाम व्यावसायिकाकडे खरेदी पाहते. आठ वर्षं झाली. नळ, फरशा, खिडक्या सगळंच पाहते, पण लोक मला दारंवाली मॅडम म्हणूनच ओळखतात. बाबांचं देवळीला हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे बिजागरी हातात घेतली की ती हलकी की भारी हे मला लहानपणापासून कळतं. शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि ऑफिसात पुस्तकातली मराठी. तीन बोल्या आल्या म्हणजे माणूस जास्त बोलत असेल असं वाटतं. माझं उलटं झालं. कुठली काढावी हे ठरेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. त्यामुळे मी लिहून देते. कागद, मेसेज, तक्ते. कामाबद्दल लिहा असं या अंकासाठी सांगितलं तेव्हाही मी हो म्हटलं ते याच कारणानं. बोलायला बोलावलं असतं तर गेले नसते.

तर, दारं. तुमच्याआमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला जे सपाट दार असतं ते फ्लश डोअर. त्यावर नक्षी नसते, चौकोन नसतात. आत लाकडी सांगाडा, सांगाड्यात शेजारी शेजारी चिकटवलेल्या पट्ट्या आणि दोन्ही तोंडांवर प्लायचे थर. सगळी मदार आतल्या लाकडावर आणि गोंदावर. बाहेरून दोन दारं अगदी सारखी दिसतील. एक वीस वर्षं टिकेल, दुसरं तिसऱ्या वर्षी पोट काढेल.

त्यातलं प्राइम केलेलं दार म्हणजे कारखान्यातच पांढऱ्या अस्तराचा हात देऊन आलेलं. साइटवर रंगाऱ्याचा पहिला हात वाचतो, दारावर सिमेंटचे डाग बसत नाहीत, रंग एकसारखा लागतो. बांधणाऱ्यांना ही दारं फार आवडतात. मलाही आवडतात, पण माझा त्यांच्यावर विश्वास नाही. कारण प्रायमर सगळं झाकतो. सांधे, गाठी, पुट्टी भरून बुजवलेली भोकं, सगळं. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की चेहऱ्यावर जी पावडर लावतात, तसं ते आहे. मी त्या पावडरीमागेही बसलेली आहे, म्हणून सांगते. याहून जास्त सांगणार नाही.

पावडरीमागचं पाहायचं कसं, तर ठोकून. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं ठोकत जायचं. भरीव दाराचा आवाज बसका आणि एकसारखा येतो. मध्येच तो मोकळा झाला की तिथे आत पट्टी नाही असं समजायचं. मग वजन. एकाच मापाच्या दोन दारांमध्ये दोन किलोंचा फरक निघाला तर कारखान्याला फोन. आणि शेवटचं म्हणजे प्रत्येक लॉटमधलं एक दार करवतीनं मधोमध कापायचं. कुठलं ते मी ऐनवेळी सांगते. कापायचं काम महादेवरावांकडे असायचं आणि ते त्यांना अजिबात आवडत नसे.

“मॅडम, आज कोनत्या बोकडाची पाळी?” असं विचारत ते यायचे. कापून झाल्यावर आतल्या पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणायचे, “चांगलं होतं बिचारं.”

त्या तुकड्यांची रांग माझ्या टेबलावर आहे. ऑफिसात येणारे त्यांवर चहाचे कप ठेवतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. देवळीच्या एका निवृत्त मास्तरांनी फ्लॅट पाहायला आल्यावर दारावर हात मारला आणि म्हणाले, “हे तं डफासारखं वाजून राह्यलं.” मी कापलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून भिंग काढून पट्ट्या मोजल्या आणि तिथेच फ्लॅट पक्का केला. एका घरात नवऱ्याचा वास्तुवाला म्हणे दार डावीकडे उघडलं पाहिजे आणि बायकोचा वास्तुवाला म्हणे उजवीकडे. दोनदा बिजागऱ्या बदलल्यावर महादेवराव पेटी बंद करून उभे राहिले. “घरात कोनाचं चालते ते आधी ठरवा बाप्पा, मंग मी दार ठोकतो.” चौथ्या दिवशी बायकोचा फोन आला की उजवीकडे.

आता ते नाणं. दार आणि चौकट यांच्यामध्ये फट ठेवावी लागते. ती जास्त झाली तर दार खुळखुळतं आणि कमी झाली तर अडतं. महादेवरावांचं माप म्हणजे ते दोन रुपयांचं नाणं. दार बसवून झालं की ते नाणं फटीत घालायचे आणि दोन्ही बाजूंनी व वरून सरकवत न्यायचे. कुठेही न अडता फिरलं तर काम पुरं. चाळीस वर्षं तेच नाणं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. दुसरं घेतलं तर माप बदलेल, म्हणून ते तिकिटालाही द्यायचं नाही.

त्यांचा दुसरा नियम असा की ज्यानं कापलं त्यानं झाकायचं. फरशी बसली की दार खालून थोडं कापावं लागतं आणि कापलेला काठ उघडा पडतो. रंगारी वाकून तिथे कधीच पाहत नाही. महादेवराव डब्यात थोडं अस्तर घेऊन बसायचे आणि दार टांगण्याआधी खालच्या काठाला स्वतः हात मारायचे. हे त्यांच्या कामात धरलेलं नव्हतं. कोणी सांगितलेलंही नव्हतं.

सावंगीच्या त्या इमारतीत बहुतेक फ्लॅट दवाखान्यात नोकरी करणाऱ्यांनी घेतले होते. दारांची ऑर्डर देताना कारखान्यानं दोन पर्याय दिले. दाराला सहा बाजू असतात. दोन तोंडं, दोन उभे काठ, वरचा काठ आणि खालचा काठ. एक पर्याय सहाही बाजूंना प्रायमर, दुसरा फक्त चार बाजूंना, वरखाली कोरं. चार बाजूंचं दार थोडं स्वस्त होतं आणि पंधरा दिवस आधी मिळत होतं. मी विचार केला, खालचा काठ साइटवर कापलाच जातो, तिथे कारखान्याचा प्रायमर वायाच जाणार. बाथरूमची दारं तर प्लास्टिकची आहेत. राहिला वरचा काठ. मी चार बाजूंच्या रकान्यात खूण केली. आमचे मालक प्रकाशभाऊ यांनी इतर वीसपंचवीस कागदांबरोबर त्यावर सही केली. इथे माझं ठोकणं, वजन, करवत काही कामाचं नव्हतं. माल चोख होता, मागणीच चुकली होती.

हे लक्षात आलं एकट्या महादेवरावांच्या. पहिलं दार आडवं ठेवून त्यांनी वरच्या काठावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे आले.

“मॅडम, याले वरून प्रायमर काऊन नाई?”

त्या दिवशी तीन ट्रक यायचे होते. शिवाय आठवड्यापूर्वीचं ते वाक्य माझ्या कानात अजून होतं आणि आपण माणसांशीही बोलू शकतो हे मला दाखवायचं होतं. म्हणून मी हसून, हलक्या आवाजात म्हटलं, “काका, वर कोण बघतंय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले आणि कामाला लागले. कदाचित मी त्यांच्याशी केलेला तो पहिला विनोद असेल.

पावसाळा गेला, एकही तक्रार आली नाही. मला जरा अभिमानच वाटला. दारं फुगतात ती पावसाळ्यात, हे सगळ्यांना माहीत असतं. मग मे महिन्यात फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या वंदनाताई, दवाखान्यात नर्स. त्यांची रात्रपाळी असते, दिवसा त्या दार लावून झोपतात. उठल्या तर बेडरूमचं दार उघडेना. घरात दुसरं कोणी नव्हतं. शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून बरं, त्यांनी आत येऊन लाथ घातली तेव्हा दार सुटलं.

प्रकाशभाऊंचा विश्वास बसेना. बाहेर सेहेचाळीस डिग्री, ओठ फुटतात अशी कोरडी हवा. “मे मयन्यात लाकूड आखडते, फुगत नाई,” ते म्हणाले. “बाईनं पानी सांडलं असंन.” पण त्या आठवड्यात आणखी चार फोन आले.

मी महादेवरावांना घेऊन वंदनाताईंकडे गेले. भर दुपार होती आणि बेडरूमच्या खिडकीत कूलर घुमत होता. महादेवरावांनी नाणं काढलं. बिजागरीच्या बाजूला घातलं, वरून खाली सरळ गेलं. कडीच्या बाजूला घातलं, तिथेही गेलं. मग हात उंच करून वरच्या फटीत घालायला गेले. आत जाईना. त्यांनी दुसऱ्या जागी घालून पाहिलं, तिसऱ्या. नाणं नुसतं टेकत होतं. बसवताना ते तिथूनच फिरलं होतं, हे मी पाहिलेलं होतं.

मी स्टूल मागितलं. दार अर्धं उघडून वर चढले आणि वरच्या काठावर हात ठेवला. लाकूड काळपट आणि गार होतं. प्लायचे थर ओल्या वहीच्या पानांसारखे सुटून वर आले होते. आणि माझ्या मनगटाला वारा लागत होता. ओला, वाळ्याच्या वासाचा. बंद खोलीत कूलर दिवसभर पाण्याची हवा भरत होता आणि ती बाहेर पडायला वाट शोधत दाराच्या वरच्या फटीतून सुसाट निघत होती. आमच्याकडे पावसाळा चार महिने आणि कूलरही जवळजवळ तेवढेच. मी या जिल्ह्यात जन्मले, दर उन्हाळ्यात कूलरसमोर झोपले, आणि दारं निवडताना मला कूलर आठवला नाही.

“काय दिसून राह्यलं?” महादेवरावांनी खालून विचारलं.

“ओल आहे,” मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. त्यांनी नाणं खिशात टाकलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि मला ते कळल्याचं कळलं होतं. जिना उतरताना ते लिफ्टच्या आवाजाबद्दल बोलले.

ऑफिसात येऊन मी नेहमीसारखं लिहून दिलं. नीट, मुद्देसूद, एक पान. वरच्या काठाला प्रायमर आढळला नाही, कूलरच्या दमट हवेनं काठ फुगला आहे, सर्व दारं उतरवून वरचा काठ तासून बंद करावा. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. चार बाजूंच्या रकान्यात खूण कोणी केली होती, ते मी लिहिलं नाही. कोणी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

माझं पान वाचून प्रकाशभाऊंनी जो अर्थ काढायचा तो काढला. दोन दिवसांनी सकाळी इमारतीखाली तक्रारदार जमले, आठदहा माणसं. वंदनाताई ड्यूटीवरून थेट आलेल्या, डोळे लाल. महादेवराव आणि किसनभाऊ पेटी घेऊन एका बाजूला उभे. मी प्रकाशभाऊंच्या मागे, फाइल छातीशी धरून.

“गलती सापडली,” प्रकाशभाऊ सगळ्यांना म्हणाले. “मिस्त्रीनं दारं बसवताना वरून रंधा मारला आन् तसंच उघडं सोडून देलं. सगळी दारं आपन दुरुस्त करून देऊ. तुमचा एक पैसा लागनार नाई.”

“माह्यं दार आज उघडते का नाई, तेवढं सांगा,” वंदनाताई म्हणाल्या. “मले झोपाचं हाये.”

लोक हसले. महादेवराव हसले नाहीत.

“वरून रंधा नाई मारला, भाऊ,” ते म्हणाले.

“मंग वरचं प्रायमर काय उंदरानं खाल्लं?”

पुन्हा हसू. प्रकाशभाऊ वाईट माणूस नाहीत. त्यांना लोकांसमोर उत्तर हवं होतं आणि हे उत्तर त्यांच्या हाताशी होतं, मीच दिलेलं. “देवळी रोडच्या स्कीमले मी नागपूरची पार्टी बोलावली हाये,” ते महादेवरावांना म्हणाले. “तुमचं आता वय झालं. रागावू नका.”

देवळी रोडची स्कीम महादेवरावांना कबूल झालेली होती. अल्लीपूरहून बसनं रोज येऊन करता येईल असं ते शेवटचं मोठं काम, मग घरी बसायचं, असं ते गेलं वर्षभर सांगत होते. त्यापेक्षाही, चाळीस वर्षांत उघडा काठ सोडला असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आता ते दहा माणसांसमोर म्हटलं गेलं होतं, आणि ही माणसं इतर माणसांना सांगणार होती.

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. मॅडमला विचारलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी नजर काढून घेतली. खिशातून नाणं काढलं, उगीच अंगठ्यानं पुसलं आणि परत ठेवलं.

“असंन,” ते म्हणाले. “चाल किसना.”

किसनभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. ते सरळ माझ्याकडे पाहत होते. त्यांना काय वाटत असेल ते मला थप्पीच्या अलीकडून ऐकल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं.

मी फाइल उघडली. वरच ऑर्डरचा कागद होता, माझ्या निळ्या शाईच्या खुणेचा. तो प्रकाशभाऊंच्या हातात द्यावा, त्यांनी घरी जाऊन वाचावा, असं मनात आलं. नंतर एक सविस्तर मेसेज करावा. महादेवरावांनी पेटी उचलली होती. गेटपर्यंत वीस पावलं होती. मेसेज पोचेपर्यंत ते बसमध्ये बसले असते आणि वंदनाताई झोपल्या असत्या आणि इथली सगळी माणसं मिस्त्रीनं घाण केली असं धरून चालली असती.

कुठली भाषा काढावी हे मी त्या वेळी ठरवलं नाही. घरची निघाली. आवाजही माझा वाटला नाही, बाबा दुकानातून गोदामात हाक मारतात तसा आला.

“थांबा काका. भाऊ, यायनं दारं टांगाच्या आधी मले विचारलं होतं, याले वरून प्रायमर काऊन नाई म्हनून. मी म्हटलं, वर कोन पाहून राह्यलं.”